बी.एस्सी.तले संशोधन: वऱ्हाडातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

पीएच.डी. किंवा इंटिग्रेटेड पीएच.डी.च्या मुलाखतीत जीवशास्त्राच्या उमेदवाराला बहुधा आधी विचारले जाते ते त्याने स्वतः केलेल्या कामाबद्दल. प्रश्न कोणता घेतला, तो याच पद्धतीने का तपासला, तुलनेसाठी काय ठेवले होते, निकाल उलटा आला असता तर त्याचा अर्थ काय लावला असता? गुणपत्रिकेचे काम मुलाखतीच्या यादीत नाव येईपर्यंतचे. आत गेल्यावर बराचसा वेळ या चार प्रश्नांवर जातो आणि पाठांतराने तो निभावत नाही. पदवीची सगळी वर्षे वर्ग, जर्नल आणि परीक्षा यांतच गेली असतील, तर सांगण्यासारखे हाती फारसे नसते. म्हणून पदवीच्या काळात केलेले छोटेसे का होईना, पण स्वतःचे संशोधन ही पुढच्या शिक्षणाची मुख्य तयारी ठरते. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी लागणारी सामग्री घराजवळ मिळू शकते. कमी पडते ती बहुतेक वेळा माहिती आणि वेळेचा अंदाज.

या दोन जिल्ह्यांत विज्ञानाचे उच्च शिक्षण नवे नाही. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, गावाच्या तोंडी 'व्हीएमव्ही', १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झाली. पापळसारख्या खेड्यातून निघून एडिनबरा आणि ऑक्सफर्डपर्यंत शिकून आलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची महाविद्यालये अमरावती आणि अकोला दोन्हीकडे आहेत. अमरावतीचे ब्रिजलाल बियाणी, अकोल्याचे आर. एल. टी. अशी विज्ञान महाविद्यालये अनेक पिढ्यांना माहीत आहेत. अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये आले, तर नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी उभे राहिले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.

तरीही बी.एस्सी.च्या जीवशास्त्र गटाकडे इथे पुष्कळदा प्रतीक्षालय म्हणून पाहिले जाते. अकोला आणि अमरावती ही नीटच्या शिकवण्यांची मोठी ठाणी. ज्यांचे वैद्यकीय प्रवेश हुकतात त्यांतले बरेच जण प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेतात आणि पहिले वर्ष पुन्हा नीट देण्यात घालवतात. यात वावगे काही नाही. पण ज्याला या विषयातच पुढे जायचे आहे, त्याचे पहिले वर्ष असे गेले की संशोधनाच्या संधींसाठी अर्ज करायचा काळ हातात जेमतेम एक-दीड वर्ष उरतो.

संशोधन आणि प्रात्यक्षिक यांत एक साधा फरक आहे. प्रात्यक्षिकाचे उत्तर शिक्षकांना आधीच ठाऊक असते. कांद्याच्या मुळाच्या टोकात पेशीविभाजनाच्या अवस्था दिसतात, त्या दिसल्याच पाहिजेत. दिसल्या नाहीत तर स्लाइड बिघडली. संशोधनात उत्तर कोणालाच ठाऊक नसते आणि बिघडलेली स्लाइडही कधी काही सांगून जाते. हा फरक समजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. याचे मराठी मुलखातले चांगले उदाहरण पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचे आहे. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन वेड्या राघूच्या वागण्याचा अभ्यास केला आणि तो २००२ मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. हा पक्षी मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून घरटे करतो. जवळ माणूस उभा असला की तो बिळात शिरायला कचरतो, कारण घरट्याची जागा उघड होईल. प्रश्न असा होता की पक्षी नुसत्या माणसाला घाबरतो, की त्या माणसाला घरटे दिसते आहे का, याचाही हिशेब करतो? माणसाला कधी घरट्याचे तोंड दिसेल अशा जागी, तर कधी दिसणार नाही अशा जागी उभे करून निरीक्षणे घेतली. माणसाला घरटे दिसत नसेल तेव्हा पक्षी बिळात अधिक सहज शिरत होते. दुर्बीण, घड्याळ, वही आणि नीट विचारलेला प्रश्न एवढ्यावर हे काम झाले. वेडा राघू वऱ्हाडात शेतालगतच्या तारांवर रोज दिसतो.

वऱ्हाडात असे प्रश्न शिवारातच पडलेले आहेत. सगळ्यांत ठळक प्रश्न गुलाबी बोंडअळीचा. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुके असलेले वाण आले आणि पुढच्या दहा वर्षांच्या आतच गुलाबी बोंडअळी त्या दोन्ही विषांना पुरून उरली. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने कपाशीचे मोठे नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फुलांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेली 'डोमकळी' दिसली, की अळी आत आहे हे शेतकरी ओळखतो. नर पतंग पकडायला कामगंध सापळे लावतात. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय करण्याची वेळ आली असे मानले जाते. फरदड घेऊ नका, मान्सूनपूर्व कपाशी पेरू नका, पऱ्हाटी शेताजवळ साठवू नका, हे सल्ले कृषी विभाग दरवर्षी देतो. त्यामागचे जीवशास्त्र सरळ आहे. हंगामाच्या अखेरीस अळी सुप्तावस्थेत जाते आणि बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात किंवा मातीत तग धरते. उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाळ्याच्या तोंडावर तिचे पतंग निघतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील तर पुढच्या पिढीला खायला काही मिळत नाही. लवकर पेरलेली कपाशी मात्र नेमकी तेव्हाच पात्यांवर आलेली असते.

आता यातून पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असा प्रश्न काढायचा. गावात साठवलेल्या पऱ्हाटीच्या ढिगांपासून जवळच्या शेतांत आणि दूरच्या शेतांत सापडणाऱ्या पतंगांच्या संख्येत फरक पडतो का? एका ढिगाजवळ एक सापळा आणि लांब एक सापळा लावला तर हाती दोन आकडे येतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तो फरक वाऱ्याचा, दिव्याचा, शेजारच्या पिकाचा असू शकतो. म्हणून पाच-सहा गावे, प्रत्येक गावात जवळ आणि दूर सारख्याच संख्येचे सापळे, एकाच कंपनीच्या एकाच दिवशी उघडलेल्या कामगंधाच्या गोळ्या, आठवड्याच्या ठरलेल्या वारी मोजणी आणि कोणता सापळा कुठे लागेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे, एवढी शिस्त लागते. मोजणी चुकलेली तारीख वहीत 'चुकली' अशीच लिहायची. तिथे अंदाजाचा आकडा भरायचा नाही. शेवटी आर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून फरक योगायोगाचा आहे की नाही ते तपासायचे. खर्च दोन-चार हजारांचा. असे काम केलेली विद्यार्थिनी मुलाखतीत नियंत्रण, पुनरावृत्ती आणि नमुना-संख्या यांवर जे बोलेल, ते केवळ पुस्तक वाचलेल्याला बोलता येणार नाही. कपाशीवाल्या घरातून आलेली असेल तर ती या विषयात परीक्षकांपेक्षा दोन पावले पुढेही असू शकते.

कपाशीखेरीजही विषय आहेत. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत डिंक्या आणि फळगळ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे तिथल्या मातीतले जिवाणू, विहिरींतले शैवाल, खाऱ्या पाण्याला टिकणारी तणे हे विषय आहेत. बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर बसाल्ट खडकात उल्काघाताने तयार झालेले, अत्यंत अल्कधर्मी आणि खारे; जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात कोळ्यांवर काम चालते, आणि हे मोठ्या शहराबाहेरच्या महाविद्यालयाने एका प्राणिगटाचा ध्यास घेतला तर काय होऊ शकते याचे उदाहरण आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत जाहीर झाला. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याचा पुरावा नव्हता तो रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाट त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे दिसले.

मेळघाटचे नाव घेतले की प्रत्येकाला वाघावर काम करायचे असते. पदवीच्या विद्यार्थ्याने ते मनातून काढलेले बरे. अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी शिरायला, नमुने घ्यायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत सत्र संपून जाते. लोणारही अभयारण्य असल्याने तिथल्या पाण्याची बाटली भरून आणणे हासुद्धा परवानगीचाच विषय आहे. शेताचे बांध, गावतळी, महाविद्यालयाचा परिसर, रस्त्याकडेची कडुनिंबे यांना सहसा अशी अडचण नसते. प्राण्यांवरच्या प्रयोगांनाही नियम आहेत: बेडूक, उंदीर यांच्या विच्छेदनावर विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्बंध आणल्यापासून पदवीच्या प्रयोगशाळांतून ते जवळपास गेले आहे. किडे, कोळी, वनस्पती, बुरशी, जिवाणू यांवर काम करणे त्यामानाने सोपे.

प्रयोगशाळेत रमणाऱ्यांसाठी अमरावतीतलेच उदाहरण आहे. अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात महेंद्र राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीच्या मदतीने चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करण्यावर काम केले. बुरशीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण मिसळले की फिकट मिश्रण हळूहळू तपकिरी होते. हा रंग कण तयार झाल्याची पहिली खूण. पुढे हे कण जिवाणूंची वाढ किती रोखतात ते पाहायचे. चांदीच्या अशा कणांचा नवे जिवाणुरोधक म्हणून आढावा घेणारा राय, अलका यादव आणि अनिकेत गाडे यांचा लेख २००९ मध्ये 'बायोटेक्नॉलॉजी ॲडव्हान्सेस'मध्ये आला आणि जगभरच्या संशोधकांनी त्याचा हजारो वेळा संदर्भ दिला. राज्याच्या राजधानीपासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या विभागातून हे घडले. पुढे वनस्पतींच्या अर्कातून असे कण करण्याची इतकी साथ आली की प्रत्येक झाडपाल्यावर एक प्रकल्प झाला. आज त्याच वाटेने जायचे तर 'अमुक पानांपासूनही कण होतात' एवढे पुरत नाही. कोणत्या घटकामुळे होतात, आकार कशाने बदलतो, असे काही विचारावे लागते.

महाविद्यालयाच्या आत संशोधनाची दारे आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आहेत. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याच्या तोडीची श्रेणी असेल, तर चौथे वर्ष संशोधनासह ऑनर्सचे करता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र धरले जाते. राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. कागदावर ही मोठी सोय आहे. पण मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक असलेल्या विभागांतच संशोधनाचे चौथे वर्ष चालू शकते, आणि तालुक्याच्या ठिकाणी असे विभाग थोडे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसच आपल्या महाविद्यालयात हा पर्याय आहे का, नसल्यास कुठे जाता येईल, याची चौकशी केलेली बरी. क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक अनेक ठिकाणी सहलीचा अहवाल लिहून मिळतात, ही मात्र वाया जाणारी संधी आहे. तेच तास वर सांगितलेल्या सापळ्यांच्या मोजणीला देता येतात.

दुसरे दार 'आविष्कार'चे. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. महाविद्यालय, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्य अशी तिची चढण. पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो. शुद्ध विज्ञान आणि कृषी-पशुसंवर्धन असे विषयगटही वेगळे, त्यामुळे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन्हींतून निवड करता येते. पोस्टरसमोर उभे राहून अनोळखी परीक्षकाला पाच मिनिटांत आपले काम समजावणे ही मुलाखतीची उत्तम तालीम आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरीही अशा विद्यार्थ्यांनी चुकवू नये. तिथे शेतकऱ्यांसाठी प्रात्यक्षिके लावलेली असतात, पण वाण, रोग आणि किडींवर काम करणारे शास्त्रज्ञ समोर भेटतात. विज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काही आठवडे काम करायचे असेल, तर प्राचार्यांचे पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटणे हा सरळ मार्ग आहे.

जिल्ह्याबाहेरच्या संधींत सर्वांत परिचित ती विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिघी मिळून ती चालवतात. निवड झालेला विद्यार्थी उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करतो. विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्जात गुणांबरोबर आपल्याला काय करायचे आहे यावर थोडक्यात लिहावे लागते आणि एका शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राचीही उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, शिवाय पदवीच्या विद्यार्थ्यांना ओळीने काही उन्हाळे संशोधन शिकवणारा जीवशास्त्राचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. तिची रचना वर्षाला ८०,००० रुपयांची: ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. पुष्कळांना पहिला आकडा माहीत असतो, दुसरा नसतो. प्रकल्प केला नाही तर ती रक्कमही जाते आणि अनुभवही.

यात न बसणाऱ्यांना थेट पत्र लिहून प्रयोगशाळा शोधता येते. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि नीरी, पुण्याला आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आघारकर संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एवढे पर्याय एका रात्रीच्या गाडीच्या टप्प्यात आहेत. 'आदरणीय सर, मला आपल्या संशोधनात फार रस आहे' असे एकच ईमेल चाळीस जणांना पाठवण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्याला उत्तर येत नाही ते योग्यच. त्या शास्त्रज्ञाचा एखादा अलीकडचा लेख वाचून, त्यातली कोणती गोष्ट आपल्या कामाशी जोडली जाते ते दोन वाक्यांत, आपल्याला काय येते ते दोन वाक्यांत, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येता येईल ते एका वाक्यात लिहिले की पुरे. इंग्रजी साधे असले तरी चालते. दहा पत्रांना दोन उत्तरे आली तर ती चांगली समजावीत.

खरी अडचण वेळापत्रकाची. अकादमींचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात, म्हणजे अमरावती विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेच्या ऐन धामधुमीत. आणि उन्हाळी परीक्षा मे-जूनपर्यंत लांबल्या तर दोन महिन्यांच्या शिष्यवृत्तीचा पहिला पंधरवडा त्यांतच जातो. बहुतेक मार्गदर्शक रुजू होण्याची तारीख पुढे घेऊ देतात, पण ते निवड होताच कळवावे लागते, आदल्या दिवशी नाही. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनाही किमान तीन आठवडे आधी सांगावे आणि सोबत आपल्या कामाचा एक पानी गोषवारा द्यावा. ज्या शिक्षकांनी विद्यार्थ्याला फक्त हजेरीपटावर पाहिले आहे त्यांचे पत्र हजेरीपटासारखेच उतरते.

पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षा अनेक आहेत आणि त्यांतली प्रत्येक द्यायची गरज नसते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणच्या एम.एस्सी. व इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी फेब्रुवारीत होणारी जॅम आहे. तिच्यात प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्र असा पेपर नाही. जीवशास्त्रवाल्यांना बायोटेक्नॉलॉजीचाच पेपर द्यावा लागतो आणि त्यात रसायन, भौतिकी व गणिताचेही प्रश्न असतात. बारावीनंतर गणित सोडलेल्यांची इथे दमछाक होते. जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या पीएच.डी.साठी डिसेंबरात जीवशास्त्राची संयुक्त परीक्षा होते. तिच्यातले प्रश्न माहितीपेक्षा तर्क तपासतात. याच केंद्राचा वन्यजीवशास्त्र व संवर्धनाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम वर्षाआड प्रवेश देतो. गेट परीक्षेत जीवविज्ञान, जैवतंत्रज्ञान, परिसंस्था व उत्क्रांती असे तीन वेगळे पेपर असून पदवीच्या तिसऱ्या वर्षातही ती देता येते.

सर्वांत महत्त्वाची ठरते ती सीएसआयआर-नेट. जीवविज्ञानाचा पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा. अ भागात २० पैकी १५ प्रश्न, ब भागात ५० पैकी ३५, क भागात ७५ पैकी २५ सोडवायचे. क भागातल्या प्रत्येक प्रश्नाला चार गुण, म्हणजे निम्मे गुण पंचवीस प्रश्नांवर. हे प्रश्न प्रयोगांवर बेतलेले असतात: आलेख दिलेला, जेलचे चित्र दिलेले, आणि त्यावरून निष्कर्ष विचारलेला. अभ्यासक्रमाचे १३ घटक सगळे पाठ करत बसण्यापेक्षा सहा-सात घटक खोलवर करणे आणि रोज एक संशोधन लेख वाचणे अधिक फळते, असे ही परीक्षा पार केलेले सांगतात. तिच्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे.

परदेशी जायचे असेल तर हिशेब बदलतो. अमेरिकेत जीवशास्त्राची पीएच.डी. साधारण पाच-सहा वर्षांची. शिक्षणशुल्क माफ आणि विद्यावेतन अशी व्यवस्था बहुतेक चांगल्या विद्यापीठांत असते. एम.एस्सी. मात्र बहुधा स्वखर्चाने करावी लागते, म्हणून कर्ज काढून तिकडे जाण्याआधी पीएच.डी.चे पर्याय पाहून घ्यावेत. तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला सगळीकडे समतुल्य मानत नाहीत. चौथे वर्ष किंवा एम.एस्सी. असेल तर हा प्रश्न मिटतो. अलीकडे अनेक जीवशास्त्र विभागांनी जीआरईची अट काढली आहे, त्यामुळे तीन शिफारसपत्रे आणि संशोधनाबद्दल लिहिलेले निवेदन यांचे वजन वाढले. या निवेदनात 'लहानपणापासून मला निसर्गाची आवड' ही सुरुवात वाचून समितीला कंटाळा आलेला असतो. बोंडअळीच्या सापळ्यात तिसऱ्या आठवड्यात एकही पतंग का आला नाही, यापासून सुरू केलेले पान ते लोक शेवटपर्यंत वाचतात. अमेरिकेऐवजी जर्मनीला जायचे असेल, तर पीएच.डी.साठी साधारणपणे मास्टर्स पदवी लागते.

आणखी एक सापळा आहे तो छापून येण्याचा. पैसे भरले की आठवड्याभरात लेख छापणारी नियतकालिके आणि एका दिवसाच्या चर्चासत्रांची जाडजूड इतिवृत्ते यांत पदवीच्या विद्यार्थ्यांची नावे भरपूर दिसतात. निवडसमितीला ती ओळखता येतात आणि त्यांनी अर्ज कमकुवतच होतो. चांगला लिहिलेला, कुठेही न छापलेला प्रकल्प अहवाल त्याहून बरा.

राज्यात पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. जागा मर्यादित असतात आणि जाहिराती अनियमित येतात, त्यामुळे नेट-गेटचा पर्याय सोडून त्यांच्यावरच विसंबणे धोक्याचे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांत आणि केंद्रीय संस्थांच्या प्रवेशात विद्यार्थी अडकतात ते बहुतेकदा कागदांवर. ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र राज्याच्या प्रमाणपत्रापेक्षा वेगळे असते आणि ते चालू आर्थिक वर्षातलेच मागतात. राज्याचे जोडले तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, म्हणून ते बारावीतच काढलेले नसल्यास पदवीच्या पहिल्या वर्षी अर्ज करावा. शेवटच्या सत्राचा निकाल प्रवेशाच्या तारखेनंतर लागणार असेल, तर तात्पुरता प्रवेश किती दिवस टिकतो आणि गुणपत्रिका व स्थलांतर प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचे, हे संस्थेच्या माहितीपत्रकात आधी वाचून विद्यापीठाकडे त्या बेताने अर्ज करावा लागतो.